पेयोटी : शिखाधारी निवडुंगाची हकीकत

निवडुंगाला आमच्या घरांतून फारसा मान नाहीं. शेताचें कुंपण, उजाड माळ आणि गांवाबाहेरची पडीक जागा हीं त्याचीं स्थानें. सुटींत आजोळीं गेलेलीं मुलें फड्या निवडुंगाचीं तांबडीं बोंडें खाऊन ओठ रंगवून येतात, आणि त्यांच्या जिभेंतलीं कुसळें काढतां काढतां आजीबाईंचे डोळे दमतात, एवढाच काय तो त्याचा आमच्या संसाराशीं संबंध. त्यांतही पुष्कळांस ठाऊक नसतें कीं, हा फड्या निवडुंग मूळचा इकडचा नव्हेच. तो अमेरिकेंतून आलेला पाहुणा आहे. जो खरा इकडचा, तो त्रिधारी निवडुंग, शास्त्रदृष्ट्या निवडुंगाच्या कुळांतला नाहींच. त्याचें गोत्र एरंडाचें! खऱ्या निवडुंगांचें जवळजवळ सारें कुळ अमेरिका खंडांतलें.

या उपेक्षित कुळांत एक वनस्पति अशी आहे कीं, जिच्या दर्शनासाठीं माणसें शेंकडों मैलांची यात्रा करतात, जिला हात लावण्यापूर्वीं आपल्या पापांची कबुली देतात, आणि जिच्यापायीं कांहीं माणसें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलीं आहेत. तिचें नांव पेयोटी. ती आपल्या जन्मभूमींतून हळूहळू नाहींशी होत चालली आहे. या महिन्याच्या सदरांत तिची हकीकत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

झाडाझुडपांच्या नाशाच्या कथा आमच्या वाचकांस अपरिचित नाहींत. परंतु त्या कथांत बहुधा तोडणारा एक असतो आणि हळहळणारा दुसरा. पेयोटीच्या बाबतींत हा सोपा हिशेब चालत नाहीं. तिला नांगरानें उपटणारे आहेत, चोरून नेणारे आहेत, कुतूहलानें खाणारे आहेत. आणि तिला दैवत मानून, तिची प्रार्थना करून, प्रसाद म्हणून सेवन करणारेही आहेत. या शेवटच्या वर्गास तिच्यावांचून धर्मच नाहीं. आणि त्यांच्या भक्तीचाही भार अखेर तिच्यावरच पडतो. म्हणून हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा राहत नाहीं.

प्रथम तिचें रूप पाहूं. अमेरिकेंतील टेक्सस राज्याचा दक्षिण भाग, रिओ ग्रांदे नदीचा कांठ, आणि तेथून मेक्सिको देशांत सान लुइस पोतोसी प्रांतापर्यंत पसरलेलें रुक्ष, काटेरी झुडपांचें रान हें तिचें माहेर. या पट्ट्याबाहेर ती आपण होऊन कोठेंही उगवत नाहीं. आकार म्हणाल तर मध्यम टोमॅटोएवढा, पण वरून चपटा. रंग निळसर हिरवा, वर राख शिंपडल्यासारखा. अंगावर कांटा औषधालाही नाहीं. कांट्यांच्या जागीं पांढुरक्या लोकरीचे झुपके असतात. त्यावरूनच कूल्टर नांवाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानें १८९४ सालीं या प्रजातीला ‘लोफोफोरा’, म्हणजे ग्रीक भाषेंत शिखा धारण करणारी, असें नांव दिलें. शेंडीचा अभिमान बाळगणाऱ्या घराण्यांतील वाचकांस हें नांव आवडण्यास हरकत नसावी. जमिनीवर दिसतें तें फक्त डोकें. खालीं गाजरासारखें जाड मूळ खोल गेलेलें असतें. पाऊस लांबला म्हणजे तें डोकें आक्रसून जमिनीबरोबर होतें, आणि शेजारून जाणाऱ्यास तेथें कांहीं आहे असा संशयही येत नाहीं.

तिची वाढ अत्यंत मंद. बीं रुजतें तें बहुधा एखाद्या काटेरी झुडपाच्या सावलींत. तें झुडूप तिची दाई. दाई गेली कीं तान्हें उन्हानें करपतें. रानांत बियांपासून खुडण्याजोगें बोंड तयार व्हावयास दहा-बारा वर्षें सहज लागतात. ज्या वर्षीं घरांत मुलगा जन्मला त्या वर्षीं रुजलेली पेयोटी त्याच्या मुंजीच्या वेळींसुद्धां पुरती हाताशीं आलेली नसते, म्हणजे झालें!

या बोंडाची चव कडू जहर. खाल्ल्यावर बहुधा प्रथम मळमळतें, वांती होते. आणि मग डोळ्यांपुढें रंगांचे व आकृतींचे असे देखावे उभे राहतात कीं, जागेपणीं माणसास ते कधीं दिसत नाहींत. हा गुण तिच्यांतील ज्या द्रव्यामुळें येतो तें मेस्कॅलीन आर्थर हेफ्टर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें वेगळें काढलें. कोणतें द्रव्य हा परिणाम करतें हें ठरविण्यासाठीं १८९७ सालीं त्यानें तीं द्रव्यें एकामागून एक स्वतःच घेऊन पाहिलीं. त्या काळच्या शास्त्रज्ञांचा हा खाक्याच होता. पुढें १९१९ सालीं एर्न्स्ट श्पेथ यानें तें प्रयोगशाळेंत तयारही केलें. आल्डस हक्स्ले या विख्यात ग्रंथकारानें १९५३ सालीं मेस्कॅलीन घेतलें आणि पुढच्या वर्षीं त्या अनुभवावर पुस्तक लिहिलें. तेव्हांपासून पाश्चात्य तरुणांत या विषयाचें जें कुतूहल जागें झालें तें अद्याप निवालेलें नाहीं. आपल्या देशांत १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यान्वयें मेस्कॅलीन जवळ बाळगणें हा गुन्हा आहे, हें घरांतील जिज्ञासु तरुणांच्या माहितीसाठीं येथेंच सांगून ठेवतों व पुढें जातों.

पेयोटीची पूजा किती जुनी असावी? टेक्ससमध्यें रिओ ग्रांदेच्या कांठीं शुम्ला नांवाच्या गुहा आहेत. तेथें सांपडलेल्या पेयोटीच्या वाळक्या नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हां ते सुमारें ५,७०० वर्षांपूर्वींचे ठरले, आणि त्यांत मेस्कॅलीन अजून शिल्लक होतें. स्पॅनिश लोकांनीं मेक्सिको जिंकला तेव्हां तेथील मूळ रहिवाशांत ही वनस्पति सर्वत्र मानली जात होती. धर्मरक्षणाची मक्तेदारी घेऊन बसलेल्या तेथील स्पॅनिश धर्मन्यायसभेनें १६२० सालीं तिच्यावर बंदी घातली. बंदीच्या हुकुमानें देव मरत नसतात. डोंगरांत राहणाऱ्या विशारिका लोकांनीं, ज्यांस बाहेरचे लोक हुइचोल म्हणतात, आपली उपासना चालूच ठेवली.

या विशारिकांची यात्रा ऐकण्यासारखी आहे. पेयोटीला ते हिकुरी म्हणतात. मका, हरिण आणि हिकुरी हीं तिन्हीं त्यांच्या मतें एकाच देवतत्त्वाचीं रूपें. पश्चिमेकडील आपल्या डोंगरांतून निघून ते सान लुइस पोतोसीच्या वाळवंटांतील विरिकुता या पवित्र भूमीस जातात. वाट पांचशें किलोमीटरांहून लांब आहे. पूर्वीं सारी वाट पायीं चालत, आतां कांहीं भाग मोटारींतून होतो, जसें आमच्या कित्येक वारकऱ्यांचेंही झालें आहे. यात्रेच्या आरंभीं प्रत्येकानें आपल्या हातून घडलेल्या आगळिकी सर्वांसमक्ष सांगावयाच्या. पुरोहित प्रत्येक आगळिकीसाठीं दोरीला एक गांठ मारतो आणि ती दोरी अग्नींत टाकतो. विरिकुतेस पोहोंचल्यावर पहिली हिकुरी दिसली कीं तिला हरिण समजून बाण मारतात, आणि मगच ती खुडतात.

उत्तरेकडे, अमेरिकेच्या हद्दींत, या धर्माचा प्रसार झाला तो फार दुःखाच्या काळांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील रेड इंडियन म्हटल्या जाणाऱ्या जमातींची भूमि गेली होती, गव्यांचे कळप गोऱ्या शिकाऱ्यांनीं संपविले होते, मुलांना दूरच्या शाळांत नेऊन त्यांची भाषा विसरविली जात होती, आणि उरलेल्या पुरुषांस दारूनें घेरलें होतें. अशा वेळीं कोमांची जमातीचा पुढारी क्वाना पार्कर याच्यासारख्यांनीं पेयोटीची उपासना जमातीजमातींत पोहोंचविली. १९१८ सालीं ओक्लाहोमा राज्यांत ‘नेटिव्ह अमेरिकन चर्च’ या नांवानें तिची रीतसर नोंदणी झाली. या कामीं स्मिथसोनियन संस्थेंतील जेम्स मूनी या संशोधकाचा त्यांस मोठा आधार होता. या पंथाची पहिली शिकवण दारू वर्ज्य करण्याची आहे. अंमली पदार्थ म्हणून सरकारनें यादींत घातलेल्या वनस्पतीच्या साहाय्यानें दारू सोडलेल्या माणसांचा हा समाज आहे, ही गोष्ट ध्यानांत घेतल्यावांचून पुढील वाद समजणार नाहीं.

त्यांचा विधि म्हणजे रात्रभराचें जागरण. सूर्यास्तानंतर शंकूच्या आकाराच्या तंबूंत मंडळी वर्तुळाकार बसतात. मध्यें अग्नि, अग्नीपाशीं मातीची चंद्रकोरीच्या आकाराची वेदी, आणि वेदीवर एक मोठें पेयोटीचें बोंड. पाण्यानें भरलेला लहान नगारा आणि भोपळ्याचा खुळखुळा पाळीपाळीनें फिरतात. ज्याच्याकडे ते येतात तो चार गाणीं म्हणतो. कोणाचें मूल आजारी असतें, कोणाचा मुलगा सैन्यांत निघालेला असतो, कोणाची सून बाळंत झालेली असते. त्या निमित्तानें ही बैठक बोलावलेली असते. पहांटे घरांतील स्त्री पाण्याचें भांडें घेऊन आंत येते, प्रार्थना करते, सर्वांस पाणी मिळतें, आणि मका, मांस व फळें यांचा उपाहार होऊन विधि संपतो. यांत चैन आहे असें म्हणणाऱ्यानें एकदां रात्रभर ताठ बसून तें कडू बोंड चघळण्याची कल्पना करून पाहावी.

कायद्यानें या लोकांस सुखानें बसूं दिलें नाहीं. स्वकीयही नेहमीं अनुकूल नव्हते. नवाहो जमातीच्या सभेनेंच १९४० सालीं आपल्या प्रदेशांत पेयोटीस बंदी केली होती, ती पुढें एका पिढीनंतर उठली. ऑरेगॉन राज्यांत एका व्यसनमुक्तिकेंद्रांत काम करणाऱ्या दोघांना या विधींत पेयोटी घेतल्याबद्दल नोकरीवरून काढण्यांत आलें व बेकारीचा भत्ताही नाकारण्यांत आला. तो खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला आणि १९९० सालीं निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. त्यावर एवढा गदारोळ झाला कीं, १९९४ सालीं अमेरिकन काँग्रेसनें कायदा दुरुस्त करून मान्यताप्राप्त जमातींच्या लोकांस धार्मिक कार्यासाठीं पेयोटी वापरण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला. हक्क मिळाला, पण हक्क बजावावयास वनस्पति पाहिजे ना?

येथून आमच्या कथेचा खरा भाग सुरू होतो. या पंथाचे अनुयायी आज कांहीं लाख आहेत आणि ते कॅनडापर्यंत पसरले आहेत. त्या सर्वांस पुरवठा होतो तो मुख्यतः दक्षिण टेक्ससच्या स्टार, झपाटा, वेब आणि जिम हॉग या चार जिल्ह्यांतून. पेयोटी खुडून विकण्याचा परवाना असलेल्या व्यापाऱ्यांस पेयोतेरो म्हणतात. हा धंदा तेथील मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांत बापाकडून लेकाकडे येत असे. मिरांदो सिटी गांवच्या आमादा कार्देनास या बाईंचें नांव या कामांत फार आदरानें घेतलें जातें. त्या २००५ सालीं, वयाच्या शंभरीस पोहोंचून, वारल्या. त्यांच्या अंगणांत पेयोटी उन्हांत वाळत पडलेली असे, आणि दूरदूरच्या जमातींतून आलेलीं कुटुंबें तेथें उतरून विधि करीत. व्यापारीण कसली, त्या मंडळींची ती आजीच होती.

पूर्वीं असे परवानेदार वीस-पंचवीस होते. आतां ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. गेल्या शतकाच्या अखेरीस वर्षाकाठीं वीस लाखांहून अधिक बोंडें विकलीं जात, असें सरकारी नोंदींवरून दिसतें. त्यानंतर संख्या उतरत गेली आणि भाव चढत गेला. बोंडेंही लहान होऊं लागलीं. बाजारांत आंबे लहान व महाग होऊं लागले कीं आमच्या गृहिणी काय तें ओळखतात. तोच अर्थ येथेंही. व्यापाऱ्यानें किती बोंडें विकलीं याचा हिशेब सरकार घेतें, पण रानांत किती राहिलीं याची चिंता कोणत्याही खात्याकडे नाहीं. अंमली द्रव्यांच्या पहिल्या परिशिष्टांत पेयोटीचें नांव आहे. अमेरिकन सरकारच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादींत मात्र तें नाहीं.

या टंचाईचें पहिलें कारण नांगर. दक्षिण टेक्ससची जमीन जवळजवळ सारी खाजगी मालकीची आहे. गुरांसाठीं कुरण करावयाचें म्हणजे काटेरी रान काढलें पाहिजे. त्यासाठीं तेथें एक दांडगा नांगर वापरतात. त्याचें पातें जमिनीखालीं फूटभर खोलीवरून जातें व झुडपांचीं मुळेंच छाटून टाकतें. झुडपांबरोबर पेयोटीही जाते, आणि तिला सावली देणारी दाईही. मग तेथें आफ्रिकेंतून आणलेलें बफेल गवत पेरतात. हें गवत म्हणजे आमच्याकडील शेतकरी ज्यास अंजन गवत म्हणतात तेंच. इकडे तें उपकारी, तिकडे तेंच मुळावर आलें आहे. शिवाय तेलाच्या विहिरी, पवनचक्क्यांच्या रांगा आणि त्यांच्यासाठीं काढलेले रस्ते आहेतच. ज्या मालकांनीं रान राखलें आहे त्यांतील पुष्कळांनीं फाटकांस कुलुपें लावलीं आहेत, कारण पेयोतेरोच्या भाड्यापेक्षां हरणांच्या शिकाऱ्यांचें भाडें कितीतरी अधिक मिळतें. याचा परिणाम असा कीं, जीं थोडीं रानें उघडीं राहिलीं तेथेंच पुन्हा पुन्हा फावडें पडतें. आणि कुंपणाखालून शिरणारे चोर तर कुलुपास जुमानीतच नाहींत.

फावडें कसें पडतें याला फार महत्त्व आहे. वरवर पाहतां निवडुंगाचें हिरवें डोकें संपलें कीं लगेच मूळ सुरू झालें असें वाटतें. तसें नाहीं. डोक्याखालीं जमिनींत खोडाचाच एक तपकिरी भाग असतो, आणि नवें डोकें फुटण्याची शक्ति फक्त या खोडावरील डोळ्यांत असते. मुळांत ती नसते. मार्टिन टेरी व जेम्स मॉसेथ या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं हें शरीररचनेवरून दाखवून दिलें. हिरवें डोकें जेथें संपतें तेथेंच सुरीनें आडवें कापलें, तर जखम भरून बाजूनें एक किंवा अनेक नवीं डोकीं फुटतात. दोन बोटें खालीं कापलें कीं मुळासकट कारभार आटोपला. मजुरीवर ठेवलेला माणूस घाईनें फावडें मारतो तेव्हां हीं दोन बोटें कोण पाहतो?

बरें, योग्य जागीं कापलें म्हणून सर्व सुरळीत होतें असेंही नाहीं. टेरी यांनींच दक्षिण टेक्ससच्या रानांत कांहीं रोपें मुळीं न कापतां राखलीं, कांहीं एकदांच कापलीं, आणि कांहीं दर दोन वर्षांनीं कापलीं. वारंवार कापलेल्या रोपांचीं डोकीं दर वेळीं लहान होत गेलीं व त्यांतील मरणारांची संख्या वाढली. मुळांत सांठविलेली पुंजी ती बिचारी वनस्पति नव्या डोक्यावर खर्च करते. ती पुंजी पुन्हा जमण्यापूर्वींच दुसरा वार आला कीं दिवाळें निघतें. तेव्हां एकदां कापल्यावर कित्येक वर्षें तिला हात लावतां कामा नये, हाच यांतून निघणारा हिशेब.

यांतील मौज अशी कीं, विशारिका यात्रेकरूंस ही गोष्ट सूक्ष्मदर्शकावांचून ठाऊक होती. हिकुरी कापतांना ते तिचा खालचा भाग मातींतच ठेवतात. तीं हरिणाचीं हाडें आहेत, आणि त्या हाडांतून तो पुन्हा उठतो, अशी त्यांची समजूत. शास्त्रज्ञ ज्यास खोडावरील डोळा म्हणतो त्यास ते हाडें म्हणतात. सुरी मात्र दोघांचीही एकाच जागीं थांबते.

मग यावर सोपा उपाय नाहीं काय? पाश्चात्य शहरांतील सुधारक म्हणतात, आहे. कांचगृहांत पेयोटी लावा. ती तेथें रानापेक्षां पुष्कळ लवकर वाढते. किंवा दक्षिण अमेरिकेंतील आंदेस पर्वतांत सान पेद्रो नांवाचा खांबासारखा उंच निवडुंग होतो, तो झपाट्यानें वाढतो आणि त्यांतही मेस्कॅलीन आहे, तोच घ्या. २०१९ सालीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड शहराच्या सभेनें अशा वनस्पतींच्या बाबतींत पोलिसांनीं लोकांस त्रास देऊं नये असा ठराव केला. हेतु उदार होता. परंतु त्यावर मूळ अमेरिकन चर्चांच्या मंडळानें २०२० सालीं विनंति केली कीं, कृपा करून तुमच्या उदारतेच्या यादींत पेयोटीचें नांव घालूं नका; आम्हांसच ती पुरेनाशी झाली आहे. कोलोरॅडो राज्यानें २०२२ सालीं लोकमतानें अशा द्रव्यांविषयीं कायदा केला, तेव्हां मेस्कॅलीन मोकळें केलें, पण पेयोटीपासून काढलेलें मेस्कॅलीन त्यांतून वगळलें. सुधारकांतील कांहींजण यावर रुष्ट आहेत. वनस्पति कोणा एकाच्या मालकीची नसते, असें त्यांचें म्हणणें.

हा वाद वाचतांना आम्हांस आमच्याच घरांतील एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या पूर्वजांचा सर्वांत श्रेष्ठ याग सोमाचा. पण तो सोम कोणता? मूळची वनस्पति इतकी हरवली आहे कीं, कोणी तिला एफेड्रा झुडूप म्हणतात, गॉर्डन वॉसन यांनीं १९६८ सालीं ती एक अळंबी ठरविली, आणि वाद अजून मिटलेला नाहीं. सोम न मिळाल्यास पूतिका घ्यावी असें ब्राह्मणग्रंथांतच सांगितलें आहे, तेव्हां टंचाई त्या काळींही होती हें उघड आहे. आमच्या महाराष्ट्रांतील याज्ञिक पर्णहीन, चिकाळ अशी सोमवल्ली वापरीत आले. पुण्याच्या कॉलेजांत संस्कृत शिकविणारे मार्टिन हौग यांनीं तिचा रस काढवून स्वतः चाखला, आणि तो मुळींच रुचला नाहीं असें १८६३ सालीं मुंबईस छापलेल्या आपल्या ऐतरेय ब्राह्मणाच्या आवृत्तींत लिहून ठेवलें. सूक्तांत सोमाचें जें वर्णन आहे तें या रसास लागू पडत नाहीं, हें सांगावयास हौगसाहेब तरी कशाला हवेत?

तरी याग चालू राहिला, कारण शास्त्रानें वाट ठेवली होती. जैमिनीच्या मीमांसेंत सहाव्या अध्यायाचा एक पाद या प्रतिनिधीच्या विचारासच दिलेला आहे. त्याचा निर्णय असा कीं, द्रव्य न मिळाल्यास त्याच्यासारखें दुसरें द्रव्य चालेल. परंतु देवता, अग्नि, मंत्र आणि क्रिया यांस प्रतिनिधि नाहीं. नाचणीच्या पिठाचा नैवेद्य चालेल, पण गणपतीच्या नांवानें दुसऱ्याच देवास हांक मारून चालणार नाहीं. हा भेद समोर ठेवला म्हणजे अमेरिकेंतील वाद आमच्या वाचकांस एका क्षणांत उलगडेल. सुधारकाच्या दृष्टीनें पेयोटी हें द्रव्य आहे. मेस्कॅलीन मिळाल्याशीं कारण, तें कोणत्याही निवडुंगांतून येवो. वेदीवर तें बोंड ठेवून त्यास आजोबा म्हणून हांक मारणाऱ्यास ती देवता आहे. आमच्या मीमांसकांपुढें हा खटला चालला असता तर सान पेद्रोचा अर्ज पहिल्या तारखेसच फेटाळला गेला असता, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

कांचगृहाचा प्रश्न मात्र निराळा आहे. तेथें वाढलेली पेयोटी ही पेयोटीच. तिच्याबद्दल उपासकांतच दोन मतें आहेत. जुनीं माणसें म्हणतात कीं, जी वनस्पति उन्हांत, काट्यांत, आपल्या भूमींत वाढली नाहीं, जिच्यापर्यंत आपण चालत गेलों नाहीं, तिच्यांत तें सामर्थ्य कसें असेल? तरुण म्हणतात कीं, रानांतील रोपांस विसांवा द्यावयाचा तर घरीं रोपें वाढविल्यावांचून गत्यंतर नाहीं. आमचें मत तरुणांच्या बाजूचें आहे. तुळस वृंदावनांत लावली म्हणून तिचें माहात्म्य कमी झालेलें नाहीं. अर्थात् बाहेरच्यानें दिलेलें हें मत आहे, आणि बाहेरच्यांच्या सल्ल्यांनीं त्या लोकांचे आजवर किती हाल झाले आहेत हें वर आलेंच आहे.

सुदैवानें आतां ते सल्ल्याची वाट पाहत बसलेले नाहींत. निरनिराळ्या जमातींच्या चर्चांनीं मिळून पेयोटीच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली, आणि देणगीच्या साहाय्यानें २०१७ सालीं टेक्ससमध्यें हेब्रनव्हिल गांवाजवळ ६०५ एकर रान तिच्यासाठीं घेण्यांत आलें. हें रान नांगरलें जाणार नाहीं. शेजारच्या जमीनमालकांस भेटून, कुलूप काढून आंत येऊं द्या, आम्ही बेतानें व योग्य रीतीनें कापूं, असें समजाविण्याचें कामही ते करतात. मेक्सिकोकडेही हालचाल आहे. विरिकुतेची सुमारें एक लक्ष चाळीस हजार हेक्टर भूमि प्रांतिक सरकारनें पूर्वींच पवित्र म्हणून राखून ठेवली होती. तरीही तेथें चांदीच्या खाणीचे परवाने दिले गेले, विशारिका लोक राजधानीपर्यंत दाद मागत गेले, आणि २०१२ सालीं न्यायालयानें खाणकाम स्थगित केलें. २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें त्यांची सारी यात्रावाटच जागतिक वारशांत समाविष्ट केली. यादींत नांव आल्यानें सुरी थांबत नाहीं, पण न्यायालयांत उभें राहणाऱ्यास हातांत एक कागद अधिक मिळतो.

हेब्रनव्हिलच्या रानांत उत्तरेकडून कुटुंबेंच्या कुटुंबें येतात. त्यांतील पुष्कळांनीं पेयोटी आजवर वाळलेल्या चकत्यांच्या रूपांतच पाहिलेली असते. जमिनींत उगवलेली ती त्यांस प्रथमच दिसते. म्हातारे झुडपाखालीं वांकून ती मुलांस दाखवितात, प्रार्थना होते, आणि कापावयाची असेल तेथें सुरी कोठें थांबवावयाची हेंही तेथेंच शिकवितात. जवळच रोपवाटिका आहे. तेथें बीं पेरतात, सावली धरतात, पाणी घालतात. पहिल्या वर्षाचें रोप वाटाण्याच्या दाण्याहून मोठें नसतें.